विणीचा हंगाम

तीन विमानं बदलून, हाताला सुया टोचून घेऊन, दुसऱ्याचं बाळंतपण बघायला जायचं, आणि तेही जनावराचं! ही कल्पना आमच्या ग्रुपच्या पुढाऱ्याच्या डोक्यातून निघाली. पुढारी म्हणजे आमचे डॉक्टर. आयुष्यभर शिकागोत लोकांची हृदयं तपासली, आता रिटायर होऊन शॉमबर्गमध्ये लोकांचं डोकं खातात. त्यांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात, जसे काही बाकीचे आम्ही कंपाउंडर आहोत. त्यांच्या बायकोला सगळे ‘बाई’ म्हणतात, कारण त्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात आणि उरलेले सहा दिवस आम्हाला शिकवतात.

“जंगल काय, कधीही बघता येतं,” डॉक्टर म्हणाले. “पण फेब्रुवारीत टांझानियात वाइल्डबीस्टचा काव्हिंग सीझन असतो. हजारो माद्या एकदम डिलिव्हर होतात. लाइफटाइम एक्सपीरियन्स! मी ऑलरेडी ब्लॉक केलंय.”

आमचे हे इंजिनिअर. पुलांची गणितं करता करता यांचं स्वतःचं मत असं काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, यांनी मान हलवली, आणि आमचे पैसे भरले गेले. मला घरी येऊन सांगितलं, तेसुद्धा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता.

मला जायचं नव्हतं. लोकांना वाटलं मी सिंहाला घाबरते. सिंहाला कशाला घाबरू? मी बाईंच्या शेजारी बसून पॉटलक जेवलेली आहे. मला जायचं नव्हतं ते माझ्या मुलीमुळे.

मुलगी ईडन प्रेरीला राहते. आमच्या घरापासून गाडीनं सहा तास. नवरा तिकडचाच, मिनेसोटाचा, गोरा, उंच, कमी बोलणारा. चांगला आहे. तिचं दोनदा पोट पडलं. दोन्ही वेळा मला ते फोनवर मेसेजनं कळलं. ‘वुई लॉस्ट इट, मॉम.’ दुसऱ्या वेळीही तेच शब्द, फक्त ‘अगेन’ जास्त. मी लगेच फोन केला तर उचलला नाही. दोन दिवसांनी उचलला आणि मला बर्फ किती पडला ते सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे हवामान खातं. मला एवढंच हवं होतं की पुढच्या वेळी जे काही होईल, चांगलं किंवा वाईट, ते तिनं मला तोंडानं सांगावं. मेसेज नको. आणि ती मला तोंडानं काही सांगेल, याचा मला भरवसा उरला नव्हता.

जानेवारीच्या शेवटी मी तिला म्हटलं, “मी नाही जात. तुला गरज लागली तर मी इथे असलेली बरी.”

“मॉम, प्लीज गो,” ती म्हणाली. “मला वॉच करत बसू नकोस.”

आवाजात काहीतरी होतं. मी विचारलं नाही. विचारलं की ती आत जाऊन दार लावते, हे मला माहीत झालं होतं. मग मी गेले.

त्या सफारीबद्दल आमचा ग्रुप अजून बोलतो, त्यामुळे मी थोडक्यात सांगते. सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत खाकी घेतली होती. अठरा माणसं विमानतळावर उभी राहिली तेव्हा होमगार्डची भरती वाटत होती. डॉक्टरांनी कॅमेऱ्याची लेन्स आणली होती ती तोफेएवढी. बाईंनी शंकरपाळे, चकल्या, मेतकूट आणि लसणाची चटणी आणली होती, आणि ‘इकडे काय मिळणार खायला’ असं त्या हॉटेलात रोज भरल्या ताटावर बसून म्हणत होत्या. जीपचं छप्पर वर उचललं जायचं आणि आम्ही सगळे माना बाहेर काढून उभे राहायचो. सिंह दिसला की पहिल्या दिवशी सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी ‘अरे वा.’ तिसऱ्या दिवशी, ‘झोपलेलाच आहे, पुढे चला यार.’ जंगलाच्या राजाला आम्ही तीन दिवसांत रिटायर केलं.

मग ती मैदानं आली. खोटं कशाला बोलू, ती बघण्यासारखी होती. आखूड हिरवं गवत, आणि नजर पोचेल तिथपर्यंत वाइल्डबीस्ट. तोंड लांबोडकं, दाढी पांढरट, पाठ उतरती, जणू देवानं उरलेल्या तुकड्यांतून शिवलेलं जनावर. त्यांच्यामधून फिकट तांबूस रंगाची पिल्लं धावत होती. नाव लांब म्हणून ग्रुपनं त्यांना ‘रेडे’ म्हणायचं ठरवलं. माद्या होत्या तरी रेडेच. भाषेच्या बाबतीत इतक्या कडक असणाऱ्या बाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

पहिली मादी विताना दिसली तेव्हा डॉक्टर ओरडले, “व्याली! व्याली!” आणि अख्खी जीप ओरडली, “व्याली!” गाडी चालवणारा गाइड तिथलाच, हसरा माणूस. त्यानं विचारलं हा शब्द काय. डॉक्टरांनी शिकवला. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस मादी दिसली की वळून म्हणायचा, “व्याली!” आणि आमची मंडळी टाळ्या पिटायची. “काय क्लीन उच्चार आहे बघा!” बाई म्हणायच्या. “आपल्या मुलांना जमत नाही.” त्यानं वायरलेसवर दुसऱ्या जीपला कळवलं, “व्याली, व्याली,” तेव्हा तर डॉक्टर नाचायचेच बाकी होते. फोनवरच्या ग्रुपचं नाव त्याच रात्री ‘व्याली रे व्याली’ झालं. सत्तरीच्या आसपासची माणसं, त्यांत दोन सर्जन.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी तिथे जशी पाहिली तशी कुठे पाहिली नाही. ज्या बायकांनी स्वतःच्या सुनांच्या बाळंतपणात ‘आम्हाला बाई हॉस्पिटलचा वास सहन होत नाही’ म्हणून कॉफी प्यायला पळ काढला होता, त्या दुर्बिणी लावून पाय आधी दिसले की डोकं याची चर्चा करत होत्या. डॉक्टर क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखे बोलत. “आता उठेल बघा. उठलं! पडलं! परत उठलं! शाब्बास!” पिल्लू धडपडत उभं राहायचं, आईचं पोट शोधायचं, आणि थोड्याच वेळात तिच्या मागून पळायला लागायचं. ते बघून मी हसले. मला छान वाटलं, हे मी नाकारत नाही. यांनी नेमका तेव्हाच, मागे ‘व्याली! व्याली!’चा ओरडा चालू असताना, व्हिडिओ घेतला.

शेवटच्या सकाळी एक पिल्लू उठलं नाही.

आई त्याला चाटत होती, नाकानं ढकलत होती. ते मान उचलायचं आणि टाकायचं. कळप पुढे सरकत होता. ती थोडी पुढे जायची, वळून परत यायची. लांबून दोन तरस येताना दिसले. डॉक्टरांनी लेन्स नीट केली.

“आपण निघू या का?” मी विचारलं.

“निघू या? अहो वहिनी, हाच तर शॉट आहे!”

“नेचर आहे ते,” बाई म्हणाल्या. “आपण मध्ये पडायचं नसतं.” आणि चकलीचा डबा पुढे केला.

मी जीपच्या सीटवर खाली बसले आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. वरून डॉक्टरांचा आवाज येत होता. मला त्यांची इतकी किळस आली की तोंडात आलेलं पाणी मी रुमालात थुंकले. यांनी मला विचारलं, उन्हाचा त्रास होतोय का. हो म्हटलं. काय सांगणार?

परत आल्यावर यांनी मुलीला तो हसरा व्हिडिओ पाठवला. तिनं उत्तरात एक हृदय पाठवलं. मला वाटलं, संपलं.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगी लहान असताना आम्ही तिला बाईंच्या रविवारच्या शाळेत घालत होतो. मराठी चांगलं बोलायची. एका आठवड्यात भारतातून फोन आला, माझी आई गेली. मुलीनं तिला दोनच उन्हाळे पाहिलं होतं, पण दोघींचं गूळपीठ होतं. रविवारी वर्गात बाईंनी विचारलं, आज गप्प का. ती रडत म्हणाली, “माझी आजी मेली.” वर्गातली मोठी मुलं हसली. आणि बाई म्हणाल्या, “मेली नाही म्हणायचं. कुत्री-मांजरं मरतात. आजी वारली. म्हण बघू, वा-र-ली.” तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. मग जवळ घेतलं की नाही मला माहीत नाही, मुलीला आठवत नाही.

घरी येऊन तिनं मला इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर ती इंग्रजीतच बोलत राहिली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं, अशी आमच्या घराची घडी बसली. शाळेत मी तिला परत पाठवलं नाही. बाई अजून लोकांना सांगतात, “हिची मुलगी हुशार होती हो, पण घरात वातावरण नव्हतं.”

एप्रिलमध्ये सफारीचे फोटो एकत्र बघायचा कार्यक्रम ठरला. आमचा टीव्ही सगळ्यांत मोठा म्हणून आमच्या घरी. शनिवारी दुपारी मंडळी आली. मी भजी, मसालेभात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं होतं. डॉक्टरांना मी दारातच बाजूला घेतलं आणि सांगितलं, “ते न उठलेलं पिल्लू आज दाखवू नका. माझ्या घरात नको.”

“ऑफ कोर्स, ऑफ कोर्स,” ते म्हणाले आणि भज्यांकडे गेले.

जेवणाआधीच शो सुरू झाला. खाकीतले आपण स्वतः पडद्यावर दिसले की मंडळी खूश होत होती. सिंहापेक्षा आपल्या टोप्यांवर जास्त चर्चा झाली. ‘व्याली’ ऐकू आलं की पुन्हा सगळे कोरसमध्ये ओरडत. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुणीतरी उशिरा आलं असेल म्हणून मी गेले, तर दारात मुलगी आणि जावई. न कळवता. सहा तास गाडी चालवून.

न कळवता कुणी येतं ते वाईट बातमी घेऊनच, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घरात दार उघडलं की थेट हॉलच. डॉक्टरांनी आल्या पाहुण्यांसाठी व्हिडिओ थांबवला. “अरे, बघा कोण आलंय! हाय बेटा!” सगळ्यांच्या माना वळल्या. मुलीला एवढी माणसं अपेक्षित नव्हती. ती घुटमळली. जावयानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं कोटही काढला नाही. माझ्याकडे बघितलं, एक श्वास घेतला आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाली,

“आई, मला तुला सांगायचं आहे. मी ऑक्टोबरमध्ये व्याणार आहे.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग हॉल फुटला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. कुणाच्या तरी हातातली प्लेट कलली. “व्याली रे व्याली!” एकजण ओरडला. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, “आणि किती पिल्लं म्हणे?”

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना राहवेना. “अगं, व्याणार काय! एक तर ‘व्याणार’ असं रूपच होत नाही. आणि गाय विते, बाई बाळंत होते. म्हण बघू…”

अभिनंदन नाही, ‘अगं बाई’ नाही, तोंडात साखर नाही. आधी व्याकरण.

मुलीच्या चेहऱ्यावरचं सगळं आत गेलं. मला ते दिसलं. नऊ वर्षांची होती तेव्हा ते वर्गात घडलं आणि मला दिसलं नव्हतं, पण असंच गेलं असणार. “सॉरी,” ती म्हणाली. “आय मेंट… नेव्हर माइंड, मॉम. वुई कॅन टॉक लेटर.”

मी तिचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे होते. आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अहो, ऐकलंत का? आपली लेक व्याणार आहे! ऑक्टोबरमध्ये व्याणार आहे!”

हसू थांबलं. बाई म्हणाल्या, “अगं, तूसुद्धा?”

“हो, मीसुद्धा,” मी म्हटलं. “आफ्रिकेतल्या ड्रायव्हरनं हाच शब्द म्हटला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्यात. क्लीन उच्चार म्हणालात. माझ्या पोरीनं म्हटला तर तुम्हाला रूप आठवलं? एका जनावराच्या पिल्लासाठी जगाच्या टोकाला जाऊन नाचलात, आणि या घरात मूल येणार म्हटल्यावर तुमच्या दोन टाळ्या महाग झाल्या?”

सगळे आपापल्या प्लेटकडे बघू लागले. मग कोपऱ्यातून टाळी ऐकू आली. आमचे हे उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. एकटेच. तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि नाक वाहत होतं. लग्नानंतर या माणसानं डॉक्टरांना न विचारता केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

डॉक्टरांना वाटलं, वातावरण हलकं करावं. “चला चला, सेलिब्रेशन! शो मस्ट गो ऑन,” म्हणत त्यांनी रिमोट दाबला. पुढचा व्हिडिओ सुरू झाला. आखूड गवत. एक मादी. खाली काहीतरी फिकट तांबूस, मान उचलणारं आणि टाकणारं. आणि डॉक्टरांचा आवाज, “आता उठेल बघा.”

“ऑफ कोर्स” म्हणालेल्या माणसानं तो काढलाच नव्हता. विसरला असेल. ज्यांचं काही अडत नाही त्यांना विसरणं सोपं जातं.

मी भिंतीजवळ जाऊन टीव्हीची वायर ओढली. स्क्रीन काळा झाला.

“श्रीखंड डब्यात भरून देते,” मी म्हटलं.

मराठी माणसाला यापेक्षा स्पष्ट ‘निघा’ सांगता येत नाही. तरी एकानं विचारलंच, “आणि मसालेभात?” तोही भरून दिला. डबे परत येणार नाहीत हे माहीत असून दिला. दारात कोट चढवताना बाई माझ्या कानाशी आल्या. “रागावू नकोस गं. मी मराठीसाठी बोलले.”

“मराठीला कुणी काही केलेलं नाही, बाई,” मी म्हटलं आणि दार लावलं.

यांनी गुपचूप पानं मांडायला घेतली. मी कोशिंबिरीचा कांदा चिरायला घेतला. जावई मला स्वयंपाकघरात मदत करायला आला आणि त्याच्या सावकाश इंग्रजीत सांगू लागला. ती हे वाक्य ईडन प्रेरीपासून पाठ करत आली होती. सगळ्या वाटेत रेडिओ लावू दिला नाही. चुकलं की पहिल्यापासून. तो शब्द तिनं त्या व्हिडिओतून घेतला होता. कुणाला विचारला नाही, कारण विचारायचं कुणाला? त्यात तो शब्द म्हणताना सगळे आनंदानं ओरडत होते, आणि मी हसत होते. ‘माझी आई इतकी हसताना मी कधी पाहिली नाही,’ ती त्याला म्हणाली होती. ‘याचा अर्थ बाळ झालं असाच असणार. मला तिला याच शब्दात सांगायचंय.’

मी पदर डोळ्यांना लावला असता, पण मी जीन्समध्ये होते. कांद्याच्या हातानंच पुसले.

मुलगी आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिला श्रीखंडाची वाटी दिली. तिनं चमचा फिरवला, खाल्लं नाही. मळमळतं का वगैरे मी विचारणार होते, पण विचारलं नाही. मला वाटलं आता बर्फाचं निघेल. एप्रिलमध्येही तिकडे बर्फ पडतो, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता.

“आई,” ती म्हणाली. खाली बघत, हळू, शब्द न शोधता. “मला खूप भीती वाटते.”

त्या वाक्यात एकही चूक नव्हती. मी तिला जवळ घेतलं. मला तेच वाक्य म्हणायचं होतं, आणि मला ते धड म्हणता आलं नाही.